मी अजून गार झालो नव्हतो

मित्रांनो, मला भेटायला हौसेने कोणी येत नाही. जो येतो तो हातात पाना घेऊन येतो आणि पायऱ्या उतरतानाच कुरकुरायला लागतो. मी जुना बॉयलर आहे. अटलांटिकच्या काठी, बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या शहरात, एका तीन मजली लाकडी घराच्या तळघरात माझा मुक्काम आहे. सत्तर हिवाळे मी इथे काढले. आता माझे चारच दिवस उरले आहेत, म्हणून म्हटलं, सांगून टाकावं.

माझा जन्म ओतशाळेत झाला. मी बिडाचा आहे. संत्र्याच्या फोडी एकीला एक चिकटून असतात, तसे माझे सात भाग एकाला एक जोडलेले आहेत. अंगावर पत्र्याचं आवरण आहे. लहानपणी मी कोळसा खायचो, मग माझं पथ्य बदललं आणि मला तेल मिळू लागलं. तेल बरं. कोळशाने माझं पोट सारखं राखेने भरायचं.

माझं काम सोपं आहे. पोटातल्या पाण्याची वाफ करायची आणि नळ्यांतून वर पाठवायची. तिन्ही मजल्यांवर खोल्याखोल्यांत लोखंडी रेडिएटर आहेत, ते त्या वाफेने तापतात आणि घर उबदार होतं. काम झालं की वाफेचं पाणी होतं आणि माझ्याकडे परत येतं. वाफ वर जाते तसे वरचे आवाज त्याच नळ्यांतून खाली येतात. भांडणं, शिंका, जपमाळा, नवऱ्याने बायकोची आणि बायकोने नवऱ्याची केलेली निंदा, मला सगळं ठाऊक आहे. पण मी आजवर चहाडी केली नाही. एकदाच केली. तेच सांगायला बसलो आहे.

हे घर आदेलिनो बेतांकूर या माणसाचं. तो अझोर बेटांवरून आला, बोटींवर मासेमारी करून त्याने हे घर घेतलं. त्याचा एक दंडक होता. तळमजल्याचा भाडेकरू असेल त्याने बॉयलर सांभाळायचा. एक्केचाळीस हिवाळ्यांपूर्वी त्याच बेटांवरची हर्मिनिया फुर्तादो तळमजल्यावर राहायला आली, तेव्हा मी तिच्या वाट्याला आलो. सोबत तिचा नवरा जेर्वाझिओ होता. तो पुढे वारला. मुलगी लग्न होऊन दूर गेली. हर्मिनिया पडद्यांच्या कारखान्यात शिवणकाम करून निवृत्त झाली. घरात ती आणि तळघरात मी, असे आम्ही दोघे उरलो.

दर शनिवारी ती बादली घेऊन खाली यायची, माझा नळ सोडायची आणि गंजाचं लाल पाणी जाऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत थांबायची. ते केलं नाही तर माझ्या पोटात गाळ साचतो आणि मग माझं काही खरं नाही.

"झालं का रे पोट साफ, म्हाताऱ्या?" ती विचारायची. "माझं होत नाही, निदान तुझं तरी होऊ दे."

वर्षातून दोनदा लायोनेल पेलेटिए यायचा. तो तेल भरणारा आणि मला साफ करणारा. काम झालं की कानामागची पेन्सिल काढून माझ्या पत्र्यावर तारीख, माझी तब्येत आणि आपल्या नावाची दोन अक्षरं लिहायचा. त्याचा बापही तसंच करायचा. आमच्याकडे सगळे तेलवाले करतात, कारण कागद हरवतो, बॉयलर हरवत नाही. माझ्या पत्र्यावर एका बाजूला वरपासून खालपर्यंत अशी पेन्सिलीची अक्षरं होती. त्यात एका मोठ्या बर्फाच्या सालची ओळ होती, 'नऊ दिवस न थांबता चालला. शाबास.' माझं जन्मात कोणी लेखी कौतुक केलं असेल तर ते एवढंच. मला त्या ओळीचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

बाकी लोक माझ्याबद्दल नळ्या ठणठण वाजतात एवढंच बोलायचे. घर उबदार असलं की कोणाला मी आठवायचो नाही. याचं मला वाईट वाटत नाही. कोणाला आठवलो नाही, म्हणजे माझं काम नीट चाललं होतं.

आता मुद्द्यावर येतो. दोन वर्षांपूर्वी आदेलिनो वारला आणि घर त्याच्या पुतण्याकडे, गॅरीकडे गेलं. गॅरी वाईट मुलगा नव्हे. लहानपणी तो हर्मिनियाच्या स्वयंपाकघरात बसून तिच्या हातचं सूप प्यायचा. पण तो राहायला दुसऱ्या गावात, आणि त्याला हे घर म्हणजे डोक्याला ताप वाटायचा.

गेल्या नोव्हेंबरात शहराने मतदान केलं आणि नवा कायदा आणला. भाडं मनाला येईल तसं वाढवता येणार नाही. हर्मिनियाने त्या दिवशी गोड पाव भाजला आणि तिन्ही मजल्यांवर वाटला. पण कायद्यात एक फट होती. भाड्याच्या घराचे मजले वेगवेगळे करून मालकीचे फ्लॅट म्हणून विकले, तर त्यांना तो कायदा लागू नव्हता. झालं, सगळे घरमालक त्या फटीकडे धावले. त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत चार घरांवर हातोडे पडले, आणि त्या चार घरांतले भाडेकरू बिऱ्हाडं घेऊन गेले. कुठे गेले ते मला माहीत नाही.

एका घराचे तीन फ्लॅट करायचे तर प्रत्येक फ्लॅटची ऊब वेगळी लागते. म्हणजे सगळ्यांत आधी बॉयलरचीच गच्छंती. जानेवारीत गॅरीने माणूस पाठवला. त्याने तिन्ही स्वयंपाकघरांच्या भिंतींवर एकेक पांढरा डबा टांगला. गॅसवर चालणारे छोटे बॉयलर होते ते. डबे टांगले, पण गॅसची नळी जोडली नाही. "सध्या जुनाच चालवा, टाकीत तेल आहे ते संपू दे," असं गॅरीच म्हणाला.

तिसऱ्या मजल्यावर नोरीन गिलफॉइल राहतात. त्या निवृत्त शिक्षिका. हर्मिनिया त्यांना बाई म्हणते आणि त्या काहीही बोलल्या तरी मान डोलावते. बारा फेब्रुवारीला शहराच्या नगरपरिषदेने ठराव केला की एक वर्षभर भाड्याच्या घरांचे फ्लॅट करायला बंदी. गिलफॉइलबाई वर्तमानपत्र घेऊन धावत खाली आल्या.

"हर्मिनिया, ऐक! ज्या घरात बारा तारखेच्या आत प्रत्येक मजल्याची ऊब वेगळी झाली होती, तेवढ्यांनाच सूट आहे. आपल्याकडे झाली नव्हती. आपण वाचलो. कळलं का?"

"हो बाई," हर्मिनिया म्हणाली. चुलीवर कोबीच्या पानांचं सूप उतू जात होतं आणि तिचं सगळं लक्ष तिकडे होतं. बाईंना वाटलं, हिला कळलं. शिक्षकांची ही चूक मी नळ्यांतून पुष्कळदा ऐकली आहे.

एकोणीस फेब्रुवारीला लायोनेल आला. तेलाचा फवारा सोडणारी माझी मुखनळी साफ केली, पेन्सिल काढली आणि लिहिलं, '१९ फेब्रु. चालू. पाणी ठीक. एल. पी.' बाई त्या दिवशी खाली आल्या होत्या. त्यांनी ती ओळ चष्मा लावून वाचली आणि हसल्या. पण कोणाला काही बोलल्या नाहीत.

फेब्रुवारीच्या शेवटी गॅरीचा माणूस पुन्हा आला आणि डब्यांना गॅस जोडून गेला, तरी हर्मिनिया सवयीने मलाच चालवत राहिली. नंतर गॅरीने नगरपरिषदेला कागद दिला. त्यात लिहिलं होतं की वीस जानेवारीपासून तिन्ही डबे चालू आहेत आणि जुना बॉयलर बंद आहे. हे धादांत खोटं होतं. तेव्हा रात्रंदिवस मीच तिथे जळत होतो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात गॅरीचा हर्मिनियाला फोन आला. "तिया, उद्या अकराला शहराचा तपासनीस येणार आहे. तळघर आणि बॉयलर बघायला. ते पांढरे डबे तेवढे चालू ठेव." त्यांच्यात मोठ्या बाईला तिया म्हणतात, आपल्याकडे मावशी म्हणतात तसं.

मित्रांनो, तपासनीस हा शब्द ऐकून हर्मिनिया घाबरली. त्याला कारण होतं. ती आणि जेर्वाझिओ नवे नवे या शहरात आले, तेव्हा दुसऱ्या एका गल्लीत राहायचे. तिथल्या बॉयलरचं धुराडं तडकलेलं होतं. तपासनीस आला, दाराला लाल कागद चिकटवला आणि सगळ्यांना तासाभरात बाहेर काढलं. बर्फात, फुटपाथवर, शिवणयंत्रावर बसून तिने ती संध्याकाळ काढली होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच गणित. तपासनिसाला जुना बॉयलर दिसला की घराला कुलूप.

म्हणून तिने काय केलं? सकाळी पाच वाजता खाली आली आणि माझा खटका बंद केला. मग बादली, साबण आणि तारेची घासणी घेतली आणि मला घासायला बसली. भिंतीवरचं जाळं काढलं, फरशी धुतली. मला तर नवरदेवासारखा चकचकीत केला. पुटपुटत होती, "मळका दिसलास तर मारतील रे तुला. गप्प राहा. अगदी बंद असल्यासारखा राहा."

आणि पत्र्यावरची पेन्सिल पुसली गेली. लायोनेलची, त्याच्या बापाची, 'नऊ दिवस न थांबता', एकोणीस फेब्रुवारी, सगळी. मला ओरडता येत असतं तर मी ओरडलो असतो. तिने प्रेमाने घासलं, हे मला कळत होतं. म्हणून जास्तच वाईट वाटलं.

अकरा वाजता वांडा कुलिक आली. तपासनीस बाई निघाली, धिप्पाड, पायात बूट, हातात बॅटरी. सोबत गॅरी. वरचे तिन्ही डबे तिने बघून घेतले होते, ते झकास चालत होते.

"हा बघा जुना," गॅरी म्हणाला. "वीस जानेवारीपासून बंद. भाडेकरूबाई बघता ना, स्वच्छतेचं वेड आहे यांना."

वांडाने बॅटरी माझ्या अंगावर फिरवली. "बंद बॉयलरला कोण एवढं घासतं?"

हर्मिनिया पायरीवर उभी होती, दोन्ही हात एप्रनमध्ये गुंडाळलेले. वांडाने खांदे उडवले आणि कागदावर लिहायला सुरुवात केली. मी ऐकत होतो. पेनाचा आवाज मला फार मोठा वाटला.

तेवढ्यात गिलफॉइलबाई आल्या. वाचनालयातून परतल्या होत्या, अंगात कोट तसाच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि किंचाळल्या.

"हे काय! लिखाण कुठे गेलं?"

"घासलं बाई. मळकं होतं."

"अगं, तोच तर आपला पुरावा होता! एकोणीस फेब्रुवारीला हा चालू होता, हे लायोनेलने लिहिलं होतं. बारा तारखेनंतर हा चालू होता हे दाखवता आलं, तर हे घर विकायला तुकडे करता येणार नाहीत. आपण राहू. आणि नसेल दाखवता आलं तर जूनपर्यंत आपण रस्त्यावर. मी तुला सगळं वाचून दाखवलं होतं ना?"

हर्मिनियाचा चेहरा पांढराफटक झाला. "म्हणजे चालू असला तर आपण राहणार? बंद असला तर जाणार?"

"हो!"

"मी उलटं समजले बाई."

ती वांडाकडे वळली. "साहेब, हा चालू आहे असं मी सांगितलं, तर घराला कुलूप लावाल का? तो फार जुना आहे."

वांडाने खोटा दिलासा दिला नाही. "ते मी नीट तपासल्याशिवाय सांगू शकत नाही," ती म्हणाली. "धोकादायक निघाला तर लावावं लागेल."

म्हणजे बोललं तर कदाचित कुलूप, आणि गप्प बसलं तर नक्की घर जाणार. हर्मिनिया क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. गॅरी म्हणाला, "तिया, चल ना वर, यांना काम करू दे." पण ती वर गेली नाही. पायऱ्या उतरून खाली आली, शहराच्या अधिकाऱ्याचा हात सरळ मनगटाला धरला, माझं छोटं दार उघडलं आणि तो हात आत, माझ्या उघड्या बिडावर ठेवला.

"मी सकाळी पाचला बंद केला," ती म्हणाली. "मी. लपवायला. आता तुम्हीच बघा."

मित्रांनो, बीड तापायला वेळ लागतो आणि निवायलाही वेळ लागतो. पोटात पाणी असेल तर आणखी जास्त. मी अजून गार झालो नव्हतो. सगळ्या आयुष्यात मी केलेली एकमेव चहाडी हीच, आणि ती करायला मला काही करावंही लागलं नाही.

वांडाने हात बराच वेळ तिथे ठेवला. मग दुसऱ्या हाताने चाचपलं.

"मिस्टर बेतांकूर, हा जानेवारीपासून बंद आहे म्हणालात?"

"हो... म्हणजे..."

"मग हा दीड महिना कशावर गरम आहे?"

"वरच्या डब्यांची ऊब उतरली असेल."

"ऊब खाली उतरत नाही हो," वांडा म्हणाली. "दहा वर्षं हेच काम करते आहे मी."

तिने माझा खटका दाबला. मी पेटलो. पंधरावीस मिनिटं गेली. मग वर तळमजल्याचा रेडिएटर ठणकला, मग दुसऱ्याचा, मग अगदी वर बाईंच्या खोलीतला. तीनही मजल्यांची ऊब एकाच ठिकाणाहून जात होती, हे ऐकायला कोणाला चष्मा लागला नाही. मला त्या ठणठणाटाचा एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता.

मग तिने मला तासभर तपासलं. माझी सुरक्षेची झडप गंजून चिकटली होती, हे मलाही ठाऊक होतं. तिने ठोकून पाहिली, मान हलवली आणि खटका बंद केला. नंतर दोन कागद लिहिले. पहिल्यात लिहिलं, बारा फेब्रुवारीला या घराची ऊब वेगळी झालेली नव्हती, फ्लॅट करण्याची परवानगी नाही. दुसऱ्यात लिहिलं, जुना बॉयलर पुन्हा पेटवायचा नाही आणि पहिल्या मेपर्यंत काढायचा.

"आणि कुलूप?" हर्मिनियाने विचारलं.

"कुलूप कशाला? वर तीन डबे चालतायत की. त्यांच्यावर राहा." वांडाने गॅरीकडे पाहिलं. "चांगले बसवलेत. तेवढं खरं सांगितलंत तुम्ही."

हर्मिनिया पायरीवर मटकन बसली आणि हमसून हमसून रडली. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. थोड्या वेळाने तिने एप्रनने नाक पुसलं आणि वांडाला विचारलं, "सूप घेता का?"

"कामावर असताना चालत नाही."

"मग डब्यात देते. घरी जाऊन प्या. कामावर थोडीच पिणार आहात."

वांडाने डबा नेला. गॅरी मात्र दाराशीच उभा होता, कानापर्यंत लाल झालेला.

"तू माझ्याविरुद्ध साक्ष दिलीस, तिया."

"तुझ्याविरुद्ध नाही रे. सकाळी तुझ्यासाठीच लपवत होते मी, मूर्खासारखी. घर तुझं आहे, विक. पण अख्खं विक, आम्हाला आत ठेवून विक."

"बंदी एकाच वर्षाची आहे, तुला माहितीये ना?"

"माहितीये. यावेळी मी ऐकलं नीट."

यानंतर गॅरी काही दिवस आला नाही. मग ईस्टरला आला, हातात फुलं घेऊन. हर्मिनियाने त्याला बसवलं आणि वाडगं भरलं. पुढच्या फेब्रुवारीत नगरपरिषद पुन्हा बसेल. बंदी वाढवतील की उठवतील, मला माहीत नाही. गिलफॉइलबाईंनी आत्तापासून गल्लीतल्या लोकांना गोळा करायला सुरुवात केली आहे. आणि आता त्या एकेक वाक्य वाचून झालं की थांबतात आणि विचारतात, "काय समजलं, तुझ्या शब्दांत सांग."

मला कोणी विचारलं तर मी एवढंच म्हणेन. मित्रांनो, तुमच्याही घरात काहीतरी जुनं, मळकं, गंजकं असेल, पण चालू असेल. कोणी मोठा माणूस आला म्हणून ते घासून लपवू नका. चालू आहे, असं सांगा. भीती वाटली तरी सांगा. आणि अंगावर कोणी चार ओळी लिहिल्या असतील, तर पुसण्याआधी एकदा वाचा. माझ्या ओळी परत येणार नाहीत.

काल लायोनेल शेवटचा आला. उरलेलं तेल काढून घेतलं. माझ्या चकचकीत पत्र्याकडे बघून तो चुकचुकला. जाताना हर्मिनियाला म्हणाला, "मंगळवारी फोडायला येतील याला. तुकडे केल्याशिवाय हा जिन्यातून निघत नाही. दिवसभर घणाचे आवाज, धुरळा. तुम्ही मुलीकडे जा दोन दिवस."

"कुठे नाही जायचं मला," हर्मिनिया म्हणाली. "माझ्या घरात बसून राहीन."

"तुमचं घर?" लायोनेल हसला. "बेतांकूरांचं ना?"

"माझं," ती म्हणाली. "भाड्याचं असलं म्हणून काय झालं?"

एक्केचाळीस वर्षं मी नळ्यांतून तिचं बोलणं ऐकतो आहे. हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.